निंबाखालचा बाक

कांताबाई गेल्याचा फोन अकोल्याहून आला तेव्हा आमच्या वृद्धाश्रमात सकाळचा चहा चालला होता. व्यवस्थापक पेपरातली बातमी वाचावी तशा आवाजात सांगून गेले आणि मी कप खाली ठेवला. सोमवार होता... जायलाही हिला हाच वार सापडला, म्हणून मला आधी तिचा रागच आला.

काम सोडून ती मुलाकडे अकोल्याला गेली, त्याला दोनेक वर्षं झाली. त्याआधी अमरावतीच्या या आश्रमात आम्हा म्हाताऱ्यांचं न्हाणं-धुणं, औषधं, रुसवेफुगवे, सगळं तिच्याकडे. मी जन्मभर शाळेत शिकवलं, म्हणून ती मला ‘बाई’ म्हणायची आणि रोज सकाळी माझी वेणी घालायची. माझे हात खांद्याच्या वर जात नाहीत. वेणी घालताना ती ओढायची फार, आणि बोलायची त्याहून जास्त. मला माणसं नाहीत असं नाही. पण दिवसातून एकदा डोक्यावर हात ठेवणारं माणूस तेवढं एकच होतं.

कोरोनाच्या काळात दर सोमवारी आश्रमात काम करणाऱ्या सगळ्यांची तपासणी व्हायची. गेटाजवळ निंबाखाली एक बाक आहे. नाकात काडी घालून झाली की त्यांनी तिथे बसायचं, पट्टीवर एकच रेघ आली की आत यायचं. आम्ही आत खिडकीशी. कोणी ठरवलं नव्हतं, पण त्यांची रेघ कळेपर्यंत आमच्यातलं कुणी चहाला तोंड लावेना. उपासच म्हणा ना. एकदा देशमुखकाका मधुमेहाची गोळी घेऊन तसेच बसले आणि घेरी येऊन पडले. कांताबाईने बाहेरूनच आम्हा सगळ्यांची हजेरी घेतली. पुढच्या सोमवारपासून काकांना तेवढा चहा पाजू लागलो. बाकीचे काही सुधारलो नाही.

मग ती भाचीच्या लग्नाला अकोल्याला जाऊन आली, आणि सोमवारी पट्टीवर दोन रेघा उमटल्या. ना ताप, ना खोकला. मी खिडकीतून म्हटलं, पट्टीच खोटी असेल, ये आत. ती जागची हलली नाही.

“काहीच होऊन नाही राहिलं मले, त्याचंच तं भेव वाटते बाई,” ती म्हणाली. “खोकलत आली असती तं तुमीच मले हाकललं असतं. अशी धडधाकट आली असती, तं साऱ्यायच्या डोक्यावरून हात फिरवत बसली असती.”

ती मागच्या खोलीत एकटी राहिली. आमच्यातलं कुणी आजारी पडलं नाही. दुसरी मुलगी वेणी घालायला आली, तिला मी केसांना हात लावू दिला नाही. म्हातारपणाचा हेका म्हणा. कांताबाई परतली तेव्हा माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. तिने तेल चोळून एकेक गुंता सोडवला, तोंडाचा पट्टा चालूच. “मी मेली असती तं काय टक्कल करणार होत्या?” असंही विचारून झालं. मी मुकाट रडून घेतलं.

तपासण्या बंद झाल्या त्या सोमवारची तर गंमतच. आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. तरी कांताबाई आली ती सवयीने बाकावर बसली, आणि तिला पाहून बाकीच्याही बसल्या. आत आम्ही चहा झाकून बसलो. तपासायला कुणी येणारच नव्हतं... बऱ्याच वेळाने तिच्याच ध्यानात आलं, आणि ती हसत हसत पायरी चढून आली.

अकोल्याहून तिचा फोन यायचा, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असायचा: “केस कोन विंचरते?”

आता एक नवी मुलगी विंचरते. हलक्या हाताची आहे, मुळीच ओढत नाही. मला ते सोसत नाही, पण तिला काय सांगणार. फक्त सोमवारी मी तिला थांबवते, आधी चहा होऊ दे म्हणते, आणि खिडकीशी जाऊन बसते. निंबाखालचा बाक रिकामा असतो. चहावर साय धरते, तरी मी कप उचलत नाही.