रेती आहे तोवर

नोकरीत होतो तेव्हा टेबलावर फायली साठायच्या. निवृत्त झाल्यावर किस्से साठतात. फरक एवढाच, की फायलींची चौकशी करायला निदान कोणीतरी यायचं!

माझ्या किश्शांचं मूळ एका फोनमध्ये आहे. आमचा मंदार खारघरला असतो. बायको सायली, सात वर्षांची ईरा आणि चार वर्षांचा ओम. मी मुरुडला, बापजाद्यांच्या नव्हे, स्वतःच्या कर्जातून बांधलेल्या घरात. ही गेल्यापासून एकटाच. मागच्या वर्षी होळीच्या सुमारास मंदारचा फोन आला.

"बाबा, घर चाइल्ड-फ्रेंडली नाही हो. नीट करून घ्या. मग आम्ही सगळा मे महिना तिकडेच राहतो."

मंदार याच घरात वाढला. याच पायरीवरून पडला, याच विहिरीत चपला टाकल्या आणि तरी इंजिनिअर झाला. पण हे मी बोललो नाही. नातवंडं हवी असलेल्या माणसाने मुद्दे मांडू नयेत. मी एवढंच म्हणालो, "सगळा मे?"

"सगळा मे!"

मी लगेच दामा मिस्त्रीला बोलावणं धाडलं.

*

दामा जुन्या वळणाचा मिस्त्री. काम धरताना नारळ, काम सुटताना नारळ. त्याशिवाय थापीला हात लावणार नाही. पहिल्या दिवशी टेम्पोभर रेती अंगणात ओतून झाली. त्या ढिगासमोर उभं राहून त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा राखणदारा म्हाराजा, काकांच्या घराचं काम हातात घेतलंय..."

"व्हय म्हाराजा!" बरोबरचे दोघे गडी म्हणाले.

"ह्या घरात पोरांची पावलं फिरू दे, पोरं सुखात नांदू दे..."

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला, खोबरं वाटून झालं. मग एका गड्याने इकडेतिकडे पाहून विचारलं, "काका, पोरं कुठं हायत?"

"खारघरला."

दामाने कपाळाला हात लावला. "आधी सांगायचं न्हाय का? जरा जोरात बोललो असतो!"

*

पहिला हुकूम आला तो स्विचबोर्डांचा. सायली व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, ओम कशातही बोटं घालतो. बोर्ड अगदी वर घ्या." मी फोन दामासमोर धरला. त्याने मान डोलावली आणि वायरमनला बरोबर घेऊन दोन दिवसांत घरातले सगळे बोर्ड वर नेले.

आता माझी उंची बेताची आहे. नोकरीत ती कधी आड आली नाही, कारण सरकारी काम बसून करायचं असतं. पण संध्याकाळी दिवा लावायला गेलो तर बोटं बटणाच्या खाली चार अंगुळं हवेत.

दामाला बोलावून दाखवलं. तो अभिमानाने म्हणाला, "बगा! पोर पोचायचं न्हाय."

"अरे, मीही पोचत नाही."

"मंग तुमी पन सेफ!"

तेव्हापासून मी छत्रीच्या टोकाने पंखा लावतो. मुरुडला बाराही महिने छत्री घरातच वापरणारा मी एकमेव माणूस असेन.

*

मग विहीर. तिच्यावर जाळी हवीच, यात वाद नव्हता. दामाने लोखंडी जाळी अशी बसवली की पोर काय, पोराची चप्पलही आत जाणार नाही. मला समाधान वाटलं. त्याच दुपारी लाइट गेली, पंप बंद पडला आणि मी बादली घेऊन विहिरीवर गेलो. जाळीवर बादली ठेवली आणि दामाला हाक मारली.

"दामा, पाणी कसं काढायचं?"

"काका, तुमी सांगितलं पोर पडाया नको. बादलीचं कोन बोललं?"

अखेर जाळीत बादलीपुरती खिडकी कापली. खिडकीला कुलूप लावलं. चावी मुलांच्या हाती लागू नये म्हणून ती स्विचबोर्डाच्याही वरच्या खिळ्याला अडकवली. थोडक्यात, लाइट गेली की मला स्टूल, चावी, कुलूप आणि बादली एवढ्या पायऱ्यांनी घोटभर पाणी मिळतं. इतक्या टेबलांवरून तर आमच्या ऑफिसात अर्जसुद्धा फिरत नसे!

*

बेसिनचा किस्सा जरा लांबला. ईराला आपलं आपण तोंड धुता यावं म्हणून पडवीत छोटं बेसिन बसवायचं होतं. उंची किती? खारघरला ईराला फ्रिजला टेकून उभं केलं, सायलीने टेप लावली, मुरुडला दामाने भिंतीवर रेघ मारली.

"हलू नको गो बाय!" दामा फोनवर ओरडला.

"मी नाही हलत, अंकल! रेंज हलतेय!"

बेसिन झालं. नळाला पांढरं बदक बसवलं. पण मे महिना उजाडला आणि ईराचा स्विमिंग कॅम्प निघाला. मग गणपतीत ओमला ताप आला. दिवाळीत सायलीच्या माहेरी जाणं होतं. मंदार म्हणाला, "बाबा, पुढच्या मेमध्ये नक्की."

मध्यंतरी एकदा मी ईराला फोनवर फ्रिजपाशी उभी राहायला सांगितलं. बेसिनची रेघ तिच्या बेंबीच्या उंचीची होती; सायलीने पुन्हा टेप लावली तर ती आता बरीच खाली गेली होती. दामा गंभीरपणे म्हणाला, "काका, बेसिन जाग्यावरच हाय. पोर वाडलं."

बेसिन रिकामं कशाला ठेवायचं म्हणून मीच ते वापरतो. रोज सकाळी कमरेत वाकून, बदकासमोर. घराला इतक्या नियमाने नमस्कार मी वास्तुशांतीनंतर प्रथमच करतोय.

*

मुलांच्या खोलीचा रंग ईराने फोनवर निवडला. जांभळा. शिवाय भिंतीवर युनिकॉर्न हवा. अस्लम पेंटर चांगला कलाकार, पण त्याचा हात बसलेला शर्यतीच्या बैलगाड्या रंगवण्यावर. मंदारने पाठवलेलं चित्र त्याने बराच वेळ न्याहाळलं.

"चाचा, ये घोडा हाय ना?"

"हो."

"मंग याला शिंग कशाला?"

"मुलांना आवडतं."

"एकच?"

"एकच."

अस्लमला ते काही पटलं नाही. त्याने शिंग एकच काढलं खरं, पण मान, वशिंड आणि डोळ्यांतला राग सगळा शर्यतीतला. शेपटी वर! मी कॉलवर दाखवलं. ईरा नीट बघून म्हणाली, "आजोबा, हा बुल आहे. ह्याचं एक हॉर्न कुठे गेलं?"

"शर्यतीत मोडलं," मी म्हणालो.

ती खूश झाली. मोडलेल्या शिंगाची गोष्ट रोज सांगायचं ठरलं. रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं सुट्टीवर. आता दुपारी मी त्या खोलीत बसून पेपर मोठ्याने वाचतो. बैल ऐकतो. राजकारणावर मात्र तो काही बोलत नाही.

*

या सगळ्यात रेतीचा ढीग अंगणातच होता. येता-जाता पायाखाली यायचा, मांजरं त्याचा नको तो उपयोग करायची. मी दामाच्या मागे लागलो, "ने रे बाबा ही रेती!"

"काका, रेती हाय तवर काम हाय," तो म्हणायचा. "रेती उचलली का सुटीचा नारळ. मंग मी कशाला येतोय?"

त्याचं येणंही कामापुरतं नव्हतंच. अर्ध्या दिवसात एक फरशी बसवायची, उरलेल्या दिवसात चहा प्यायचा आणि माझ्या मुलाचं काय चाललंय ते मला विचारायचं. एकदा तो पुतणीच्या हळदीला गेला आणि सांगायला विसरला. मी सवयीने दोन कप चहा केला. दुसरा कप अर्धा तास झाकून ठेवला, मग गार झाल्यावर बेसिनमध्ये ओतला. वाकून!

*

यंदाच्या मेमध्ये ती चौघं आली. शनिवारी दुपारी आली आणि सोमवारी सकाळी परतायचं ठरवूनच आली, कारण मंदारची सुट्टी मंजूर झाली नव्हती आणि ईराचा कोडिंगचा क्लास होता.

मी घर दाखवायला उभाच होतो. बोर्ड, जाळी, बेसिन, बैल. सायली मनापासून म्हणाली, "बाबा, किती केलंत हो!" मी मुलांना हाक मारली. घरात मुलं नव्हती.

दोघं अंगणात रेतीच्या ढिगात होती. गुडघ्यापर्यंत.

समुद्र गल्लीच्या टोकाला. तिथली वाळू बघायला लोक पुण्याहून येतात. आणि ही दोघं मांजरांनी वापरलेल्या रेतीत!

"ईरा, शी! डर्टी आहे ते!" सायली ओरडली.

"आई, आम्ही टनल करतोय! थांब ना!"

ओम माझ्याकडे धावत आला. "आजोबा, पाणी! टनलला पाणी लागतं!"

लाइट नेमकी गेलेली. मी स्टूल घेतलं, चावी काढली, कुलूप उघडलं, बादली ओढली. मग पुन्हा ओढली. संध्याकाळपर्यंत मला त्या दोघांनी कामावरच ठेवलं. ईरा मुकादम. "आजोबा, तुम्ही त्या बाजूने खणा, आम्ही ह्या बाजूने. मधे हात भेटले की टनल झाला." मी लेंगा वर खोचून रेतीत बसलो. टनल दोनदा ढासळला. रविवारी दिवसभर तेच. बीचवर जायचं राहिलं. बेसिनच्या बदकाकडे कोणी पाहिलं नाही आणि बैल एकटाच राहिला.

सोमवारी गाडीत बसताना ईराने काच खाली केली. तिची नखं अजून रेतीने भरलेली.

"आजोबा, आमचा टनल मोडू नका हं. थोडाच राहिलाय."

"नाही मोडत."

"मांजरांना पण सांगा!"

गाडी वळणावरून गेली. मी अंगण झाडलं, ढीग सोडून.

दुपारी दामा आला. बरोबर घमेलं, फावडं, गडी आणि पिशवीत नारळ.

"काका, पोरं येऊन गेली ना? ब्येस! गाऱ्हानं पावलं. आता रेती उचलतो, नारळ फोडतो, काम सुटलं."

त्याने फावडं उचललं.

"थांब, दामा. रेती आहे तोवर काम आहे."

सगळ्या घरावरून त्याने एक नजर फिरवली. "आता कंचं काम ऱ्हायलंय?"

"बोगदा," मी म्हणालो. "अजून आरपार गेलेला नाही."

दामा ढिगाजवळ गेला. उकिडवा बसून त्याने एका बाजूने आत हात घातला. मग उठून दुसऱ्या बाजूने घातला. हात झाडत उभा राहिला आणि गड्याला म्हणाला, "फावडं ठेव."

नारळ परत पिशवीत गेला.

"मंग चा ठेवा, काका."