वेलिकाच्या कबऱ्या कोंबडीची अंडी

वेलिकाची उमेदीची सगळी वर्षं डॅन्यूबकाठच्या लोम गावच्या बसवर तिकिटं फाडण्यात गेली. चढणाऱ्याकडे ती अशी बघायची, की तिकीट काढलेला माणूससुद्धा दचकून खिसा चाचपायचा. पुढे ती निवृत्त झाली, नवरा गेला, लेक दूर सोफिया शहरात राहायला गेली. पण नजर काही निवृत्त झाली नाही. दूधवाला पाणी घालतो, पोस्टमन पाकिटं उजेडाला धरून बघतो, आणि दुकानातल्या कोंबड्यांच्या खाद्यात लाकडाचा भुसा असतो, असं तिचं ठाम मत होतं. त्यामुळे त्या हिवाळ्यात तिनं खाद्याचं पोतं आणणंच बंद केलं. घरचा मका होता, तोच ती घालायची. निदान काय घालतोय ते डोळ्यांना दिसतं तरी.

ईस्टर तोंडावर आला आणि अंडी कमी व्हायला लागली. ईस्टरआधीच्या गुरुवारी रिवाजाप्रमाणे अंडी लाल रंगवायची, लेक नातवंडांना घेऊन येणार, आणि नेमकी आत्ताच ही रड. सगळ्यात जास्त अंडी द्यायची ती कबरी कोंबडी. ती रोज गवताच्या पेटीत जाऊन बसायची, बऱ्याच वेळानं उठायची, आणि मागे काहीच नसायचं. कधी गवताला नुसता पिवळा चिकट डाग.

"चोर," वेलिका स्वतःशीच म्हणाली. "आणि धांदरट. घाईघाईत फोडूनही जातोय."

चोर कोण, याचा फार विचार करावा लागला नाही. शेजारी ग्रोझ्दान एकटाच राहायचा. बायको नेदेल्का गेल्यापासून तो काय शिजवतो, काय खातो, कुणाला पत्ता नव्हता. दोघांच्या कुंपणाची एक फळी गेल्या वर्षीपासून निखळलेली होती, आणि ती बसवायचं नाव तो काढत नव्हता. शिवाय रविवारी त्याच्या खिडकीतून लोण्यात काहीतरी तळल्याचा वास आला होता.

"काल आमलेट केलं होतंस वाटतं?" तिनं कुंपणापाशी त्याला गाठलं.

"केलं होतं की. वास आला होय?"

"अंडी कुठली?"

"कोंबडीची," ग्रोझ्दान म्हणाला आणि कांद्याच्या वाफ्यात पुन्हा वाकला.

या उत्तरानं तर तिची खात्रीच पटली. तिनं खुराड्याभोवती पीठ भुरभुरलं. सकाळी पाहिलं तर पिठात कोंबड्यांच्या पायांचे आणि तिच्या स्वतःच्या बुटांचे ठसे, एवढंच. दुसरं कुणी असतं तर शंका सोडून दिली असती. वेलिका म्हणाली, "म्हणजे पीठ बघितलं त्यानं. पक्का आहे."

बुधवारी ती विणकाम घेऊन सरपणाच्या ढिगाआड जाऊन बसली. कबरी पेटीत गेली, बाहेर आली, परत गेली. वेलिकाचा डोळा कुंपणावर. उन्हं चढली. कबरी पुन्हा बाहेर आली आणि भिंतीपाशी उभी राहिली. वेलिकाचा डोळा कुंपणावरच. शेवटी फळीच्या फटीतून ग्रोझ्दानचं डोकं आत आलं.

"सापडलास!" वेलिका ताडकन उठली. लोकरीचा गुंडा गडगडत चिखलात गेला.

"काय सापडलो? अगं, तुझ्या कोंबडीकडे बघ आधी. सकाळपासून बघतोय मी तिच्याकडे."

"का बघतोयस?"

"वेलिका, बघ तरी!"

तिनं बघितलं. कबरी अंग ताठ उभं करून, शेपूट जमिनीकडे टाकून उभी होती. पंख लोंबत होते. तुरा फिका पडला होता, चोच उघडी, धाप लागलेली. मधूनच अंग आवळून जोर करायची आणि डोळे मिटायची.

"अंडं अडकलंय," ग्रोझ्दान म्हणाला. "आमच्या नेदेल्काच्या एका कोंबडीचं असंच झालं होतं. कोमट पाण्यात बसवायला लागेल. पोट मात्र दाबू नकोस. आत फुटलं तर गेलीच ती."

"तू इथेच थांब. हात लावू नकोस," असं बजावून वेलिका घरात गेली आणि तिनं पहिलं काय केलं, तर तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन. ग्रोझ्दान खरं बोलतोय का, ते पडताळायचं होतं. डॉक्टरीणबाईंनी तेच सांगितलं: कोमट पाणी, मग उबदार अंधारी जागा, मागच्या बाजूला जरा तेल. उद्यापर्यंत सुटली नाही तर घेऊन या. मग त्यांनी विचारलं, "खायला काय घालता?"

"मका."

"नुसता मका? शिंपले, चुना, अंड्यांची टरफलं, काहीच नाही?"

"घरचा आहे," वेलिका म्हणाली.

"मग कवच कशाचं होणार, बाई? आधीही मऊ अंडी घातली असतील तिनं. ती तिथेच फुटतात आणि कोंबड्याच खाऊन टाकतात. गवताला पिवळे डाग नव्हते दिसले?"

फोन ठेवून तिनं चुलीवर पाणी तापत ठेवलं. सकाळभर कोंबडी डोळ्यांसमोर कळा देत होती आणि आपण कुंपण राखत बसलो होतो.

तिनं घमेल्यात पाणी ओतलं, कोपर बुडवून बघितलं. ग्रोझ्दाननं कबरीला दोन्ही हातांनी अलगद धरून पाण्यात बसवलं. आधी ती फडफडली, मग ऊब लागली तशी मान सैल सोडून शांत बसली. दोघंही उकिडवी बसून राहिली. मग तिला पुसून, तेल लावून, चुलीमागच्या खोक्यात ठेवून वर गोणपाट टाकलं.

"रविवारची अंडी कुठली होती?" वेलिकानं हळूच विचारलं.

"दुकानातली. पावती दाखवू?"

"नको," ती म्हणाली. पण क्षणभर थांबून.

दुपार कलल्यावर खोक्यात खसफस झाली. गोणपाट उचललं तर गवतात एक अंडं पडलं होतं, बिनकवचाचं, ओल्या चामड्याच्या पिशवीसारखं लिबलिबीत. कबरी बाजूला उभी राहून पाणी पीत होती.

त्या वर्षी दुकानातून आणलेली अंडीच लाल रंगवली. ग्रोझ्दाननं डॅन्यूबच्या काठावरचे शिंपले हातोड्यानं कुटून पिशवीभर आणून दिले. वेलिकानं ते बोटांत चोळले, हुंगले आणि मगच मक्यात मिसळले. खाद्याचं पोतंही आणलं. कबरी महिनाभरानं पुन्हा अंडी घालायला लागली. आता वेलिका सकाळी खुराडं उघडलं की एकेकीचा तुरा, शेपूट, विष्ठा सगळं नीट निरखून बघते.

माफी मात्र तिनं मागितली नाही. लेकीला फोनवर म्हणाली, "कोंबड्यांतलं कळतं त्याला, नाही म्हणत नाही मी. पण आताशा रोज कशाला येतो, ते मला शोधून काढायचंय."