महिपती गेटमनचा श्वास

जिते गावचा महिपती घरत पंचवीस वर्षं रेल्वेच्या फाटकावर गेटमन होता. स्टेशनातून फोन आला की गाडीचा नंबर वहीत लिहायचा, हँडल फिरवून फाटक पाडायचं, झेंडा घेऊन उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उचलायचं. अडकलेल्या गाडीवाल्यांनी हॉर्न वाजवून कितीही शिव्या घातल्या तरी तो मान वर करत नसे. गावात म्हणत, महिपतीला घाई कशी ती ठाऊक नाय.

दोन वर्षांपूर्वी, चैत्रातल्या एका दुपारी मालगाडी गेली आणि वेळ लिहायला तो केबिनमध्ये शिरला. पेन हातात घेतलं आणि छातीत काहीतरी धाडकन सुटलं. काळीज इतकं उडायला लागलं की शर्टाचं बटण हलताना त्याला दिसत होतं. श्वास घेतला तरी आत पोचत नव्हता. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, पाठीवरून थंड घाम उतरला. टेबल, फोन, वही, सगळं काचेपलीकडे गेल्यासारखं लांब दिसू लागलं. आपण मरणार असं त्याला नुसतं वाटलं नाही, खात्रीच झाली.

बाहेर फाटक पडलेलंच. पंधरा मिनिटांनी एक टेम्पोवाला भांडायला म्हणून आत आला, तर महिपती जमिनीवर टेबलाचा पाय धरून बसलेला. टेम्पोवाल्यानेच स्टेशनला फोन लावला.

पेणच्या दवाखान्यात छातीची ईसीजीची पट्टी काढेपर्यंत सगळं शांत झालं होतं. पट्टी स्वच्छ निघाली. "ॲसिडिटी असेल. टेन्शन घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. महिपतीला हायसं वाटायच्या ऐवजी लाज वाटली. एवढ्या लोकांना धावायला लावलं, आणि निघालं काय तर काहीच नाही.

चौथ्या दिवशी पेणच्या बाजारात पुन्हा तेच. मग न्हाव्याच्या खुर्चीत, गळ्याभोवती कापड बांधल्यावर. महिनाभरात सहा वेळा. त्याने न्हाव्याकडे जाणं सोडलं, बाजार सोडला, एसटी सोडली. कुठेही गेला तरी आधी दार कुठे आहे ते बघायचा. झटका दहा-पंधरा मिनिटांचा, पण तो पुन्हा येईल ही भीती दिवसभर अंगावर असायची. सासू बायजाबाईने लिंबू उतरवून टाकलं. भाऊ कान्हू म्हणाला, "तू कामाला कंटाळलायस, दुसरा काय नाय." त्यानंतर महिपतीने कोणाला सांगणंच बंद केलं. बायको मालूने विचारलं की म्हणे, "बरा हाय मी."

पुढच्या माघात त्याच्या एकुलत्या मुलीचं, प्रतिक्षाचं, लग्न रोह्याला होतं. नवरामुलगा निकेश तिथलाच. हॉल माणसांनी गच्च भरलेला. मंगलाष्टकं सुरू झाली, हातात अक्षता होत्या, आणि तिसऱ्या कडव्याला महिपतीचे ओठ बधिर झाले. त्याने मागे पाहिलं. दारापर्यंत नुसती डोकीच डोकी. अक्षता हातातून सांडल्या. माणसं ढकलत तो बाहेर पडला आणि चालत सुटला.

अर्ध्या तासाने कान्हूला तो कुंडलिका नदीच्या काठी, पायरीवर बसलेला सापडला. चेहरा राखेसारखा झालेला.

"चल, कन्यादान खोळंबलाय."

"मला नाय जमणार, कान्हू. पाय उचलत नाय."

भटजी थांबायला तयार नव्हते, वरपक्ष कुजबुजायला लागला होता. कन्यादान शेवटी कान्हूने आणि त्याच्या बायकोने केलं. पाठवणीच्या वेळी महिपती येऊन उभा राहिला. प्रतिक्षा वाकली, त्याच्या पायांना हात लावला, पण वर बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मालूने घराचं दार आतून लावून घेतलं. "आज खरा सांगा. पोरीच्या लग्नातून बाप उठून जातो म्हंजे काय?"

त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. सांगताना रडला. आठवड्याच्या आत मालू त्याला पेणमधल्या मनाच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

"याला पॅनिक अटॅक म्हणतात," बाई म्हणाल्या. "समोर वाघ आल्यावर शरीर जसं पळायला तयार होतं ना, तसं तुमचं होतं. वाघ मात्र नसतो."

"पन मला कशाला व्हावा? मी कोनाचा काय केलाय?"

"काही केलेलं नसतानाही होतो. छाती तपासली आहे, ती ठीक आहे. झटका वाढत वाढत जातो आणि आपोआप उतरतो. तेवढा वेळ त्याच्याशी झगडू नका, आणि पळू नका. आज पळालात तर उद्या ती जागा जास्त भीती घालेल. पाय जमिनीला टेकवा. श्वास ओढून घेऊ नका. हळूहळू, लांब सोडा. समोर काय दिसतंय, हाताला काय लागतंय, ते मनात म्हणा."

गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील, मधेच सोडू नका असं बजावलं. दर पंधरवड्याला बोलायला बोलावलं.

बाहेर आल्यावर महिपती मालूला म्हणाला, "फाटकावर सांगायला लागेल."

"कशाला? काम जाईल तुमचा."

"माझा हात थांबला आनि फाटक उघडा राहिला तर?"

त्याने साहेबांकडे स्वतःहून अर्ज दिला. मोठ्या वैद्यकीय तपासणीनंतर त्याला फाटकावरून काढून स्टोअरमध्ये बसवलं. तिथे फावडी, कंदील, तेलाचे डबे द्यायचे आणि घ्यायचे. कोणी वाईट बोललं नाही. जुने सोबती मात्र हळूहळू भेटायचे थांबले. वेड्या माणसाशी बोलतात तसे ते जपून बोलायचे, आणि महिपतीला ते शिव्यांपेक्षा जड जायचं.

झटके लगेच थांबले नाहीत. घरी झटका आला की तो ओटीवर पाय टेकवून बसे. सुरुवातीला मालू घाबरून म्हणायची, "काय नाय होत, काय नाय होत." त्यामुळे त्याला जास्तच एकटं वाटायचं. मग ती नुसती शेजारी बसायला लागली आणि स्वतःच मोठ्याने, लांब श्वास सोडायला लागली. तो तिच्या श्वासामागे आपला श्वास लावायचा. कधी पाच मिनिटं, कधी वीस. गोळ्यांनी आणि या बसण्याने आठवड्यातले तीन झटके महिन्यातून दोनावर आले.

प्रतिक्षा मात्र फोन आईलाच करायची. पावसाळ्यात एकदा महिपती रोह्याला जायला पॅसेंजर गाडीत बसला. पेण सोडलं आणि छाती उडायला लागली. कासूला गाडी थांबताच तो उतरला, बाकावर बसून राहिला आणि परतीची गाडी पकडून घरी आला. मालूने ताट वाढलं.

दिवाळीनंतर तो पुन्हा गेला. पुन्हा पेणनंतर तेच सुरू झालं. कासूला गाडी थांबली. त्याने सीटची दांडी घट्ट धरली आणि मनात म्हणत राहिला: लोखंड. गार. समोर बाईची पिशवी. पिशवीत पडवळ. गाडी सुटली. मरण येतंय असं तेव्हाही वाटतच होतं. फक्त या वेळी तो उठला नाही. नागोठण्यापर्यंत छाती खाली बसली. रोह्याला उतरला तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला होता.

प्रतिक्षाने दार उघडलं, पाणी दिलं, चहा ठेवला. त्याने आजाराचं नाव सांगितलं, झटक्यात काय होतं ते सांगितलं. ती खाली बघून ऐकत होती.

"तेव्हाच मला सांगितला असता तर, बाबा? मी हॉलमदी तुमच्यासाठी दाराजवळ खुर्ची ठेवली असती."

"तेव्हा मलाच ठाऊक नव्हता गो, काय होतंय ते."

"सासरचे अजून विचारतात मला. बाप कुठे गेला होता म्हणून."

प्रतिक्षा दूध उतू जातंय म्हणून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आता तो महिन्यातून एकदा रोह्याला जातो. काही फेऱ्या सरळ जातात, काहींत दांडी धरून बसावं लागतं. निकेश त्याला स्टेशनवर सोडायला येतो, गाडी सुटेपर्यंत थांबतो. प्रतिक्षा मात्र निरोपाचं "या" दारातूनच म्हणते.