हाताने मांडलेली माणसं

पडद्यावर कोणती गोष्ट कुठे ठेवायची हे माणसाने ठरवायचं की काँप्युटरने, यावरून गेल्या वर्षी मी तीन आठवडे भांडले. राग अजून गेलेला नाही.

मी होसकोटेच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळते. वस्तू आज जिथे ठेवली तिथेच उद्या सापडली पाहिजे, या एका नियमावर माझी नोकरी चालते. राजाजीनगरच्या आमच्या घरी वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, नियमही तोच. माझ्या कप्प्यांत बेअरिंगं असतात, त्यांच्या कप्प्यांत माणसं. गेलेली माणसं.

आमच्यासारखी पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहिलेली मराठी घरं बेंगळुरात बरीच आहेत. पितृपक्ष जवळ आला की त्यांतल्या निम्म्यांना आठवतं, की आजोबांची तिथी आपल्याला ठाऊक नाही. मग अण्णांना फोन येतात. निवृत्त झाल्यापासून अण्णांनी या घरांची नोंद काँप्युटरवर ठेवली आहे. प्रत्येक घराचा एक फोल्डर, प्रत्येक माणसाची एक फाइल, फाइलीत नाव आणि तिथी. बस. कोण कुणाचा मुलगा, कोण कुणाची सून, हे त्यांनी कुठेच लिहिलं नव्हतं. ते मांडणीतच होतं. फाइलींची चित्रं त्यांनी माउसने ओढून लावली होती: आजोबा वर, खाली मुलगे, थोरला डावीकडे, प्रत्येकाच्या शेजारी त्याची बायको. फोल्डर उघडला की अख्खं घर समोर उभं.

काँप्युटरवर लिनक्स आहे, फुकट मिळणारी प्रणाली. धाकट्या भावाने फार वर्षांपूर्वी घालून दिलं, आणि तक्रारीला जागा नव्हती. गेल्या श्रावणात डिस्क बंद पडली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी पेनड्राइव्हवर नक्कल घ्यायची, हे माझ्या यादीत असतं, त्यामुळे फाइली सगळ्या शाबूत होत्या. भाऊ आला, त्याने नवी डिस्क, नवं लिनक्स घातलं आणि जेवून गेला. अण्णांनी फोल्डर उघडला.

"अगं, ही माणसं रांगेत का उभी आहेत?"

पाहते तर सगळे अकारविल्ह्याने. सासरे सुनेच्या मागे, नातू आजोबांच्या पुढे. अण्णांनी एकाला ओढून वर नेलं. सोडल्याबरोबर तो पुन्हा रांगेत.

मी भावाला फोन लावला.

"अक्का, जागा फाइलीत नसते. फाइली दाखवणारा प्रोग्राम, फाइल मॅनेजर, ती वेगळी लिहून ठेवतो. डिस्कबरोबर गेली."

"मग पुन्हा मांडतील. पण फाइल हलत का नाही?"

"नव्यात ती सोयच काढून टाकलीय. कोण वापरतं गं?"

"अण्णा वापरतात."

"सर्च करायचं ना! स्वल्प सुधार की तू."

मी सुधारायचं! गोदामातल्या माणसाने 'कप्पे मोडलेत, पण हाक मारा, बेअरिंग ओ देईल' असं सांगितलं असतं तर मी त्याला दुपारपर्यंतही ठेवलं नसतं.

चारच दिवसांनी जयनगरच्या एका मामींचा फोन आला. नात्याच्या नव्हेत, पण आमच्यात सगळ्याच मामी. "अण्णा, सासूबाईंची तिथी सांगा की. दर वर्षी ह्यांनाच ठाऊक असायची, आता हेच नाहीत." त्यांनी सासूबाईंचं नाव सांगितलं. मी सर्च केलं. त्या एका फोल्डरात त्याच नावाच्या चार फाइली, पुढे फक्त एक, दोन, तीन, चार. आमच्यात सुनेचं नाव लग्नात बदलत, आणि बदलून ठेवायची ती ठरलेलीच पाच-सहा. चार बायका, चार तिथ्या. यातल्या सासूबाई कोणत्या?

अण्णांनी चारही फाइली उघडून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. मग म्हणाले, "अमावास्येला करून टाका."

तिथी माहीत नसली की सर्वपित्री अमावास्येला करतात, त्यात गैर काही नाही. पण अण्णांच्या तोंडून हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. लोक ते वाक्य टाळायलाच तर अण्णांना फोन करायचे. त्यांनी काँप्युटर बंद केला. "हे सगळं तुझ्या भावाला दे. घालू दे फोनमध्ये. माझं झालं."

मग मी चूक केली. रविवारी बसून जयनगरच्या फोल्डरातल्या, मला माहीत होत्या तेवढ्या माणसांना कारखान्यातल्यासारखे नंबर घातले: एक, एक-दोन, एक-दोन-एक. नंबराने तरी रांग बरोबर लागेल. अण्णांनी चष्मा पुसून बघितलं.

"हा काय माल आहे? पार्ट नंबर दिलेस माणसांना?"

नंबर काढले. त्या प्रोग्रामवाल्यांच्या चर्चेच्या पानावर इंग्रजीत, नम्रपणे विचारलं. उत्तर आलं: ती सोय गोंधळाची होती, आणि वडिलांना म्हणावं फाइलींना खुणेचे शब्द लावा. ही मंडळी फुकट काम करतात, त्यांना जाब विचारू नये, असं भाऊ म्हणतो. सरी, ठीक आहे. न दिलेल्या गोष्टीबद्दल मी बोलतच नाही. पण दिलेली गोष्ट काढून घ्यायची आणि वर म्हाताऱ्या माणसाला वळण लावायला निघायचं, याला काय म्हणावं?

त्याच पानावर एक चांगली गोष्ट कळली. लिनक्सवर फाइल मॅनेजर एकच नसतो, हवा तो घालता येतो. भाऊ हे सांगायचं विसरला होता. मी कागदावर रकाने आखले: हाताने ठेवलं तिथे राहतं का, बंद करून उघडल्यावर राहतं का, अक्षर मोठं होतं का, पुसण्याआधी विचारतो का. पाच घालून पाहिले. दोघांत काही हलेचना. एकाला खिडक्या दोन, वेग भरपूर, पण अण्णांना तो रेल्वेचं वेळापत्रक वाटला. चौथ्याने फाइल ठेवू दिली आणि खिडकी पुन्हा उघडल्यावर गुपचूप रांग लावली. त्याच्यावर मी काट मारली ती कागद फाटेपर्यंत. पाचवा दिसायला जुनाट, पण त्याच्या मेनूत 'हाताने मांडा' असं सरळ लिहिलेलं. चारही रकान्यांत बरोबरची खूण.

"ते म्हाताऱ्यांचं आहे," भाऊ म्हणाला.

"म्हाताऱ्यासाठीच हवंय."

अण्णा सकाळी पूजा झाल्यावर बसू लागले. पहिल्या दिवशी नुसतेच बघत राहिले. मग एक आजोबा वर नेऊन सोडले. ते तिथेच राहिले. त्यांच्याखाली तीन मुलगे आले, आणि मग हात थांबेना. "हा हिच्या डावीकडे. नाही, ही आधी गेली, तो मग." एक ठेवला की शेजारचा आठवायचा. मी अट घातली: नातं आता फाइलीतही लिहायचं, आणि मांडून झालेल्या पडद्याचा फोटो छापून वहीत लावायचा. कुरकुरले, पण ऐकलं.

तिसऱ्या दिवशी जयनगरचं घर पुरं झालं. अण्णांनी स्वतः फोन लावला. "मामी, अमावास्या नको. सप्तमीला करा. तुमच्या सासूबाई त्या नावाच्या तिसऱ्या. आजोबांच्या धाकट्या मुलाच्या शेजारी आहेत." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण अण्णा बराच वेळ "हो, हो" करत होते.

आमचं घर त्यांनी सगळ्यांत शेवटी मांडलं. माझ्या आईची फाइल ठेवली आणि तिच्या डावीकडे एका फाइलीपुरती जागा मोकळी सोडली. मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "रांग लावली की ही जागा राहत नाही बघ."

"आत्ता तिथे काही ठेवायचं नाहीये," मी म्हटलं, जरा जोरातच.

"ठेवतोय कोण? जागा तेवढी धरलीय."

मी मेनू उघडून 'हाताने मांडा'पुढची खूण आहे की नाही ते पाहिलं, आणि तो पडदाही छापून वहीत लावला.