जोडीतला जुना बेल्ट

डोळे मिटतात ते यंत्राच्या सावलीत. मार्चची दुपार. हार्वेस्टर शेवंताकाकूंच्या गव्हात उभा आहे, चार एकर कापायचं बाकी आहे आणि पश्चिमेला गारांचे ढग चढताहेत. मळणीच्या ड्रमला दोन बेल्ट जोडीनं लागतात. त्यातला एक आज जळून तुटला, या आठवड्यात दुसऱ्यांदा. आमचे ड्रायव्हर गफूरभाई नवा आणायला तालुक्याला गेलेत.

काडाचा वास दूर जातो, परत येतो. कुणीतरी पत्र्यावर बोटं वाजवतं.

"झोपलीस काय, मास्तरीणबाई?"

नरहरीदादा. माझा थोरला भाऊ, हा हार्वेस्टर त्याचाच. दिवाळीत तो गेला, हे मला इथंही ठाऊक आहे. पण तसं तोंडावर बोलणं बरं दिसत नाही.

"बेल्ट जळतोय," मी म्हणते.

तो पुलीवर वाकतो, आणि पुली माझ्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे. दादा उंच स्टुलावर बसलाय. पायांना रानातली माती.

"पुल्या एका रेषेत आहेत?"

"दोरी लावून पाहिलं. आहेत."

"बेअरिंग?"

"हातानं फिरवलं. आवाज नाही."

"ताण?"

"तीनदा मोजला."

"मोजशीलच तू. कोणत्या बेल्टचा?"

ताण फक्त नव्याचा मोजला होता.

खिडकीबाहेर आमची विहीर आहे; आता आम्ही तिच्या काठावर आहोत. रहाटावरून दोन बेल्ट खाली पाण्यात उतरतात, शांतपणे फिरतात. दादा माझा हात धरून नव्यावर ठेवतो. तो ताठ आहे. मग शेजारच्या जुन्यावर. बोटं सहज आत दबतात.

"हा ताणून सैल झालाय, कुंदे. नुसता सोबत फिरतोय. ओढायचं काम सगळं नव्याला. जळेल नाही तर काय होईल? जोडी बदलायची असते, हे तुला मी सांगायचं?"

"माहीत होतं."

"मग?"

"तो तू बसवलेला आहे. शेवटचा."

पाणी वर येतं, खाली जातं. दादा हसतो, त्याचं ते नाकातलं हसू.

"उद्या माझ्या फाटक्या चपला घालून वर्गात जाशील."

"वर्गात नाही. अंगणात घालते."

तो हसायचा थांबतो.

"शेवंताकाकूंचा वर्षाचा गहू आहे तो," तो हळूच म्हणतो. "माझ्यापायी भिजवू नको."

मी काही म्हणायच्या आत विहीर वाजू लागते. वाजतच राहते. फोन आहे. गफूरभाई.

"ताई, दुकानात उभा आहे. एकच घ्यायचा ना? दुसरा दादांचा आहे, तो चांगला आहे."

मी यंत्राच्या सावलीत उठून बसते.

"नाही, गफूरभाई. जोडी घ्या. लवकर या. दादाचा मी काढून ठेवते."

पलीकडून ते "बरं, ताई," म्हणतात.

उठून मी बेल्टवरची जाळी उघडते, जुन्या बेल्टकडे हात नेते आणि थांबते. जेवायच्या आधी साबणानं हात घासले होते, त्यानंतर बेल्टला बोट लावलेलं नाही. उजव्या हाताच्या चार बोटांवर रबराचा काळा पट्टा उमटलेला आहे, बेल्टच्याच रुंदीचा.