न वाचता केलेली सही: बेसा ते मौदा

नागपूरला लागून असलेल्या आमच्या बेस्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात नऊ जणांनी अमेरिकेची प्रवासवर्णने लिहिली आहेत. नऊही जणांना नायगारा पाहून देव आठवला आणि मॉलमधले स्वच्छतागृह पाहून आपला देश आठवला. मी अमेरिका पाहिलेली नाही. मागच्या मंगळवारी मी मौद्याला जाऊन आलो. जाऊन-येऊन शंभर-सव्वाशे किलोमीटर असतील. पण निघायलाच मला चौतीस वर्षे लागली, म्हणून वर्णन लिहिण्याचा माझाही थोडा हक्क आहे असे समजतो.

निघण्याचे कारण आधी सांगायला हवे. मी नागपूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे, पुढे विभागप्रमुख झालो. परदेशी विद्यापीठात अर्ज करणाऱ्या मुलांना विभागप्रमुखाचे शिफारसपत्र लागे. आमच्याकडची पद्धत अशी होती की पत्र मुलाने स्वतःच लिहून, टाइप करून आणायचे. आम्ही सही करायची, लिफाफ्यात घालायचे आणि लिफाफ्याच्या जोडावर आडवी सही ठोकायची. ती कशासाठी? तर पत्रात काय लिहिले आहे ते विद्यार्थ्याला कळू नये म्हणून. या विनोदावर आम्ही कधी हसलो नाही. एका वर्षी अशी सतरा मुले अर्ज करीत होती आणि सतराच्या सतरा माझ्या कारकिर्दीतली सर्वोत्तम होती.

त्या वर्षीचा अठरावा सुधाकर भोयर, मौद्याचा शेतकऱ्याचा मुलगा. त्यानेही पत्र आणले. मी दोन चहांच्या मध्ये सही केली. अमेरिकेने बहुतेकांना घेतले, त्याला घेतले नाही. निवृत्त होताना कपाट रिकामे केले तेव्हा त्या पत्राची कार्यालयीन प्रत हाती आली आणि मी ते पत्र पहिल्यांदा वाचले. इंग्रजीत होते, मराठीत साधारण असे: ‘सदर विद्यार्थी सामान्य बुद्धीचा आहे. त्याचे इंग्रजी कच्चे आहे. त्याच्या हातून दोन ब्युरेट (मापाच्या काचनळ्या) फुटल्या, परंतु त्याने ते लपवले नाही. दिलेले काम तो पूर्ण करतो.’ खाली माझी वळणदार सही. माझ्या हाताखालून गेलेल्या पत्रांत खरे असे हे एकच असावे. मी ती प्रत घरी आणली, विम्याच्या कागदांखाली ठेवली आणि अठरा वर्षे गप्प बसलो.

गेल्या आठवड्यात फोन आला. “सर, मी पूर्वा. सुधाकर भोयरांची मुलगी.” तिने रसायनशास्त्रात एम.एस्सी. केले होते, पाण्याच्या शुद्धीकरणावर पुढे शिकायला कॅनडाच्या विद्यापीठात अर्ज करायचा होता. मुदत शुक्रवारपर्यंत. अर्जासोबत वडिलांच्या सहीचे हमीपत्र लागत होते आणि वडील सही करत नव्हते.

“काय म्हणतात?”

“म्हणतात, माझ्या सरांनी, एवढ्या मोठ्या माणसानं, स्वतः लिहून दिलं होतं. तरी त्यायनं मले घेतलं नाही. मंग आपली लायकीच नाही ती. तू काहून (का) डोकं फोडून राहिली?” ती बापाची नक्कल चांगली करत होती. मग स्वतःच्या आवाजात म्हणाली, “ते फक्त तुमचं ऐकतील, सर. तुम्ही समजावून सांगा ना.”

मी येतो म्हणालो. विम्याचे कागद उचलले.

मंगळवारी सकाळी मुलगा म्हणाला, गाडी करून देतो. मी नको म्हणालो. प्रायश्चित्ताला एसी गाडीने जाणे बरे दिसत नाही, असा माझा त्या वेळचा थाट होता. शहर बसने धरमपेठेत उतरलो. पूर्वा तिथे भेटली, तिला तिथल्या एका सल्ला केंद्रातून कागद घ्यायचे होते. ही परदेशी पाठवणारी दुकाने. दुसऱ्या मजल्यावर, भिंतीवर लंडन, टोरांटो, सिडनी अशी सहा घड्याळे. तिथली सल्लागार मुलगी नागपूरच्या उन्हात काळा कोट घालून बसली होती. तिच्यापुढे पूर्वाचे निवेदन होते. मला परदेशात का शिकायचे आहे, हे सांगणारे दोन पानी पत्र.

“फॅक्ट्स चांगले आहेत गं, पण स्टोरी नाही,” ती पूर्वाला म्हणाली. “पाणीच का? घरात कोणाला दूषित पाण्याने काही झालं होतं का?”

“नाही.”

“आजोबा आहेत?”

“आहेत. ठणठणीत आहेत.”

“मग त्यांना अटॅक आला असं टाकलंय मी. छोटासा. गावात दवाखाना नव्हता, तू तेव्हाच ठरवलंस, असं.”

“अटॅकचा आणि पाण्याचा काय संबंध?” मी विचारले.

“अंकल, तिकडे रोज शेकडो निवेदनं वाचतात. संबंध कोण बघतं?” मग मी कोण ते कळल्यावर तिने व्यावसायिक आदराने विचारले, “तुम्ही शिफारस देऊ शकता का? ड्राफ्ट आम्हीच करतो. प्रोफेसरांनी फक्त लिंकवर क्लिक करायचं. कॉलेजचा ईमेल आहे ना?”

“मी निवृत्त आहे. ईमेल नाही.”

“मग तुम्ही चालत नाही,” ती म्हणाली, आणि कागद पूर्वाच्या हाती दिले. मला राग यायला हवा होता. पण ही मुलगी माझाच धंदा करत होती, फक्त फी घेऊन आणि घड्याळे लावून.

गणेशपेठेच्या बसस्थानकावरून भंडाऱ्याकडे जाणारी एसटी मिळाली. पूर्वाला पुढे जागा मिळाली, मला मागे. माझ्या शेजारी एक पागोटेवाले गृहस्थ आणि त्यांच्या पायाशी लाल मिरचीचे अर्धे पोते. कळमन्याच्या बाजारात माल विकून घरापुरता ठेवलेला. पारडी यायच्या आत मी शिंकू लागलो, कापसीपर्यंत डोळ्यांतून धारा.

“कोण्या गावाले चालले जी?” त्यांनी विचारले.

“मौद्याला.”

“लग्न हाय का?”

“नाही. माफी मागायची आहे एकाची.” अनोळखी माणसाला खरे सांगणे सोपे असते.

“मोठी चूक हाय का लहान?”

“मोठी.”

“मंग खाऊन पिऊन झाल्यावर मागजा,” ते म्हणाले. “उपाशीपोटी माणूस माफ करत नाही.” आणि पोते आणखी माझ्याकडे सरकवले.

मौद्याला सुधाकर स्थानकावरच उभा होता. आता छप्पन वर्षांचा, शाळेत मुख्याध्यापक. मला उतरताना पाहिले आणि भर रस्त्यात वाकला. “बाप्पा! तुमी कायले तरास घेतला, सर? मले बोलावलं असतं तर मीच आलो असतो.” मग माझा चेहरा पाहिला. “डोळ्यात पाणी? मले पाहून?”

“मिरची आहे,” मी म्हणालो. त्याला खरे वाटले नाही.

घरी बायकोला म्हणाला, “हे ते सर. यायनंच मले अमेरिकेसाठी चिठ्ठी देली होती.” ओसरीवर त्याचे वडील, म्हणजे अटॅक आलेले आजोबा, हरभऱ्याची डाळ निवडत बसले होते. मला आधी पोहे मिळाले, वर तर्री (पोह्यांवर ओततात तो झणझणीत रस्सा). टेबलावर शाळेच्या दाखल्यांचा गठ्ठा होता आणि प्रत्येकावर पेन्सिलीच्या बारीक खुणा.

“एकेक ओळ वाचतो, सर, मंग सही करतो. मास्तर लोक कंटाळतात माझ्यावर,” तो हसून म्हणाला. “पण हे तुमच्यापासून शिकलो. सही म्हणजे जबान.”

इतके झणझणीत पोहे मी आयुष्यात खाल्ले नाहीत.

जेवायला पाटोडी रस्सा होता (रश्श्यात सोडलेल्या बेसनाच्या वड्या). पूर्वा माझ्याकडे पाहत होती. हे आता समजावतील, आता समजावतील. मी पागोटेवाल्यांचा सल्ला पाळून पूर्ण जेवलो, हात धुतले आणि खिशातला कागद ताटाशेजारी ठेवला.

सुधाकरने चष्मा लावला. “हे तर मी आणलेलं कच्चं हाय.”

“हेच गेलं.”

“हे कसं जाईल? तुमी लिहिलं ना मंग दुसरं.”

“मी काही लिहिलं नाही. खाली बघ.”

त्याने खाली पाहिले. सहीवर बोट ठेवले. “वाचलं नाही तुमी?”

“नाही.”

“एकबी ओळ?”

“एकही नाही.”

त्याच्या बायकोने भाताचा पळा तसाच धरून ठेवला. मी घरून दोन चांगली वाक्ये तयार करून आणली होती, पश्चात्तापाची. ती म्हणताना डोळ्यांत पाणी येईल असा माझा अंदाज होता. पण डोळ्यांतले सगळे पाणी एसटीत संपले होते. नुसते “मला माफ कर, सुधाकर,” एवढेच निघाले.

ते त्याच्यापर्यंत पोचलेच नाही. “मी कच्चं लिहिलं, सर, काहून का तुमी पक्कं कराल म्हणून. आपणच आपली आरती कशी ओवाळावं माणसानं? बाकीचे काय लिहून राहिले ते ठाव होतं मले. पण मी म्हटलं, सरांपाशी खरं द्यावं, सर त्यात आपलं घालतील.” त्याने कागद खाली ठेवला. “म्हणजे त्यायनं मले नाकारलं नाही. मीच मले नाकारलं, अन् तुमी ठप्पा मारला. चौतीस वर्षं! पोरीलेबी तेच सांगून राहिलो होतो.”

तो उठला, आतून रेघांचा कागद आणि पेन आणले, माझ्यासमोर ठेवले. “आता लिहा.”

“काय?”

“तवा लिहायचं होतं ते. कुठी धाडायचं नाही मले, छप्पन वर्षाच्या माणसाले कोण घेते? मले फक्त वाचाचं हाय. माझे सर मले काय समजत होते.”

मी लिहिले: ‘सुधाकर भोयर हा माझा विद्यार्थी होता.’ पुढे पेन हलेना. तो कोणत्या बाकावर बसत असे? प्रश्न विचारत असे की गप्प असे? ब्युरेट फुटल्याचे माहीत होते, पण तेही त्याच्याच पत्रातून. ‘माझ्या कारकिर्दीतला सर्वोत्तम विद्यार्थी’ हे शब्द हाताला पाठ होते. पेनच्या टोकाशी आलेही. सतरा वेळा चालले होते, अठराव्यांदा चालले असते, आणि हा माणूस तो कागद फ्रेम करून भिंतीला लावणार होता.

मी पेन खाली ठेवले. “मला तू आठवत नाहीस, सुधाकर. नाव आठवतं, तेही या कागदामुळं.”

ओसरीवर डाळ निवडण्याचा आवाज थांबला. सुधाकरने माझ्याकडे पाहिले, जसा तो एखादा दाखला पाहत असेल, खाडाखोड आहे का ते.

“राहू द्या, सर,” तो म्हणाला. “साठ पोरं होती वर्गात.” ही दया माझ्या जिवाला शिवीपेक्षा जास्त लागली.

मग वळून म्हणाला, “पूर्वे, आण तुझे कागद.”

ती धावतच आली. त्याने पेन्सिल घेतली आणि निवेदन वाचू लागला, एकेक ओळ. पहिल्या पानाच्या शेवटी थांबला. “आबाले अटॅक कवा आला वं?”

“मले?” आबा ओसरीवरून ओरडले. “कोन म्हन्ते?”

“ते सेंटरच्या मॅडमनं…” पूर्वा पुटपुटली.

“खोड हे.” त्याने स्वतःच आडवी रेघ मारली. “अन् हे काय, ‘थोडंफार काम केलं’? महिनाभर विहिरीविहिरीचं पाणी तपासत फिरली ना तू, उन्हातान्हात? तसं लिही. माझ्यावाणी कच्चं लिहायचं नाही. जे येते ते येते म्हणून लिहायचं. जे झालं नाही ते घालायचं नाही. अन् तुझ्या मॅडमले सांग, वाचल्याशिवाय कोणाची सही घेऊ नका म्हणा.”

हमीपत्र त्याने दोनदा वाचले आणि सही केली. पूर्वा रडली. तिच्या बाबतीत मिरचीचा प्रश्न नव्हता.

मला सोडायला तो स्कूटरवर स्थानकापर्यंत आला. बस लागली तेव्हा मी विचारले, “हे सगळं आमच्या मंडळाच्या अंकात लिहू का?”

“लिहा,” तो म्हणाला. “पण बाकीच्या सतरा जणायचंबी लिहा.” आणि हात जोडले, शाळेत आलेल्या कोणत्याही पाहुण्याला जोडावेत तसे.

ते मी वर लिहिले आहे. त्या सतरांपैकी काही आज मोठ्या हुद्द्यांवर आहेत, मला दिवाळीला संदेश पाठवतात, ‘तुमच्यामुळे सर’ असे लिहितात. त्यांनी वाचावे: माझ्यामुळे नाही. मी तुम्हालाही वाचले नव्हते.

परतीच्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. प्रवासाने माणूस मोठा होतो असे आमच्या मंडळाच्या नऊही लेखकांचे मत आहे. मन हलके होऊन परत येतो, असेही ते लिहितात. मला तसे काही जाणवले नाही. हलका झाला असेल तर सुधाकर. त्याने इतकी वर्षे जे स्वतःचे समजून वाहिले ते त्याचे नव्हतेच. ज्याचे होते तो ते घेऊन बेस्याला निघाला होता.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. सुनेने पाणी दिले.

“फार उशीर झाला, बाबा. बस लेट होती का?”

“नाही गं,” मी म्हणालो. “बस वेळेवर होती.”