हिरडीवरची चकती

लवंगेच्या तेलाचा वास आला की कोपरगावचा तो दातांचा दवाखाना आठवतो. धाकट्या जावेच्या दातांना तारा लावल्या होत्या, पण एक सुळा हिरडीतच अडकलेला. डॉक्टरांनी हिरडी कापून तो मोकळा केला आणि तिचंच रक्त यंत्रात फिरवून केलेली पिवळसर चकती जखमेवर बसवली, लवकर भरावी म्हणून. बाहेर भाऊजी तिची पर्स छातीशी धरून बसलेले. "ठेवा की ती, पळून न्हाई जात," मी म्हटलं. "असू द्या वैनी, तिला काय लागलं तर." माझे दात लहानपणापासून पुढे. मी तोंडावर पदर धरूनच हसते, आणि माझ्या नवऱ्याने कधी विचारलंही नाही, का म्हणून. घरी तिला गार पेज मीच भरवायची, आणि दर चमच्याला मनात म्हणायची, चिघळू दे. जखम छान भरली. आ करून मला दाखवत ती म्हणाली, "ताई, चकतीबिकती काय न्हाई, तुमचा हात लागला म्हनून भरली." आजही पाहुण्यांना ती हेच सांगते, सगळे सरळ दात दाखवत हसते. मी पदर तोंडावर घेते, आणि लोकांना वाटतं, कौतुकानं लाजले.